नाशिकमध्ये बीए (इतिहास स्पेशल) केलं त्याचा रिव्ह्यू, बारावीनंतर आर्ट्सचा विचार करणाऱ्यांसाठी

मावशीची मुलगी येवल्याहून आलीये आमच्याकडे, बारावी झाली तिची, ७१ टक्के, आणि घरात रोज तोच विषय चाललाय की आर्ट्स करून पुढे काय. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या वेळेला पण अगदी हेच झालं होतं, तेव्हा मला कोणी नीट सांगणारं नव्हतं म्हणून आज सविस्तर लिहितेय. लांब आहे पण ज्याला ॲडमिशन घ्यायचंय त्याने शेवटपर्यंत वाचा.

माझं आधी सांगते. गाव गिरणारे रोडला, वडिलांची टोमॅटो आणि थोडी द्राक्षं. २०१९ ला एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला ॲडमिशन, २०२२ ला बीए, मग बीएड दोन वर्षं, आणि आता एका खाजगी शाळेत सहावी ते आठवीला इतिहास-भूगोल शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण काही गोष्टी चांगल्या आहेत काही वाईट आहेत आणि मला कॉलेजला नावं ठेवायची नाहीत, डिग्रीबद्दल सांगायचंय. नाशिकमध्ये आर्ट्सची कॉलेजं कमी नाहीत, एचपीटी १९२४ पासून आहे, केटीएचएम १९६९ पासून, पंचवटीत आहेत, नाशिकरोडला आहेत, तालुक्याला आहेत. आणि बहुतेक ठिकाणी विद्यापीठ तेच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, म्हणजे सिलॅबस तोच, पेपर तोच, डिग्रीवर शिक्का तोच. मग फरक कशात पडतो? फरक पडतो तुमच्या स्पेशल, म्हणजे मुख्य विषयाला शिकवायला माणूस कोण आहे त्याच्यात. बाकी बिल्डिंग, गेट, गॅदरिंग, ते सगळं नंतर.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते.

एफवायला मी इतिहास घेतला तो काही आवडीने नाही, बाकीच्या मुली घेत होत्या म्हणून. पहिलं सेमिस्टर असंच गेलं, दुसऱ्या सेमिस्टरला मौर्यांच्या नंतरचा भाग, म्हणजे सातवाहन वगैरे. सरांनी जानेवारीत एका रविवारी सांगितलं की ज्यांना यायचं त्यांनी सकाळी सातला पांडवलेणीच्या पायथ्याशी या, टॉर्च आणा आणि वही आणा. साठ जणांच्या वर्गातले अकरा जण आलो. थंडी इतकी की हात खिशातून काढवत नव्हता. पांडवलेणीला मी लहानपणापासून दहा वेळा तरी गेली असेन, शाळेची सहल, मामाकडचे पाहुणे आले की पांडवलेणी, वर जायचं फोटो काढायचे आणि खाली येऊन भेळ खायची. भिंतीवर अक्षरं आहेत हे मला माहीतच नव्हतं म्हटलं तरी चालेल.

सरांनी आधी दहा नंबरच्या लेण्यात नेलं. व्हरांड्यात सावली होती आणि भिंतीवर नुसता खडबडीत दगड दिसत होता. मग त्यांनी टॉर्च समोरून न मारता भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरला, आणि एकदम अक्षरं उठून आली, प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडली आणि ओळीच्या ओळी दिसायला लागल्या. ब्राह्मी लिपी. पहिला शब्द त्यांनी आम्हाला अक्षर अक्षर करून वाचायला लावला, सिद्धं. हाताने दाखवत होते पण दगडाला बोट लावू दिलं नाही कोणालाच.

तो लेख नहपान नावाच्या क्षत्रप राजाच्या जावयाचा, उषवदाताचा. त्यात लिहिलंय की त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले, एका श्रेणीकडे दोन हजार, महिन्याला शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे एक हजार, महिन्याला शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना त्या दोन हजारांच्या व्याजातून प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे. सर म्हणाले, वही काढा आणि हिशोब करा. दोन हजाराला महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस भिक्षू, बरोबर बारा. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशोब आणि एका पैचाही फरक नाही. माझ्या शेजारी इकॉनॉमिक्स घेणारी मैत्रीण होती, ती तर म्हणाली सर ही तर एफडी आहे.

आणि मग सरांनी विचारलं गोवर्धन कुठे आहे माहितीये का कोणाला. मी गप्प. कारण मी रोज सकाळी एसटीने कॉलेजला येताना गोवर्धनवरूनच येते, कंडक्टर ओरडतो, बाया टोपल्या घेऊन चढतात, ते गोवर्धन. अभ्यासक हेच गाव ते गोवर्धन मानतात असं सरांनी सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना मी खिडकीतून बघत बसले होते, काय बघत होते ते नाही सांगता येणार, गाव तर तेच होतं. पण स्पेशल इतिहास घ्यायचा हे त्याच बसमध्ये ठरलं.

तीन नंबरच्या लेण्यात पण नेलं होतं, गौतमी बलश्रीचा मोठा लेख, तो वरती आहे. त्यात ती आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करते, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं वगैरे, आणि स्वतःची ओळख महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी सांगते. नातू पुळुमावी गादीवर आहे तेव्हाचा लेख. सरांनी एवढंच विचारलं, हे कोण बोलतंय, कधी बोलतंय आणि कोणाला ऐकवतंय ते आधी लिहा, राजा किती मोठा होता ते नंतर. ही जी सवय लागली ना, कोण बोलतंय ते आधी बघायची, ती मला तीन वर्षांत मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आज व्हॉट्सॲपवर इतिहासाच्या नावाने काही आलं तरी मी पहिलं तेच बघते.

दोन महिन्यांनी लॉकडाऊन लागलं. त्या सेमिस्टरची लेखी परीक्षा झालीच नाही, सरासरीवर पुढे ढकललं आम्हाला. म्हणजे ज्या भागाची परीक्षाच दिली नाही तो भाग मला आजही तोंडपाठ आहे आणि ज्यांचे पेपर लिहिले, चांगले मार्क पडले, त्यातलं निम्मं डोक्यात नाही.

आता वाईट बाजू.

सगळ्यात वाईट म्हणजे सगळे विषय असे मिळत नाहीत. माझा राज्यशास्त्राचा पेपर होता त्याला तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर मॅडम होत्या, शिकवायच्या छान, पण तासाप्रमाणे पैसे, तेही उशिरा, त्यांनी सेमिस्टर मध्येच सोडलं आणि नंतर जवळजवळ दोन महिने त्या तासाला कोणी आलंच नाही. आम्ही वर्गात बसायचो, मग कॅन्टीनला, मग बसायचंच बंद केलं. मॅडमचा मला राग नाही, त्यांनी तरी काय करावं, घर चालवायचं असतं. पण विद्यार्थ्याचं वर्ष जातं हो. हे फक्त आमच्या कॉलेजचं नाही, राज्यभर प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि सीएचबीवर कॉलेजं चालतात हे सगळ्यांना माहितीये. म्हणून ॲडमिशनच्या आधी ऑफिसमध्ये नाही, थेट डिपार्टमेंटला जाऊन विचारा की या विषयाला पूर्णवेळ किती जण आहेत, आणि टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना गाठून विचारा की तास होतात का. मुलं खरं सांगतात.

दुसरं, गाईड. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांनी तीन वर्षांत एकही पुस्तक पूर्ण वाचलं नाही, परीक्षेच्या आठ दिवस आधी गाईड आणायचं, नाहीतर सिनियरच्या नोट्सची झेरॉक्स, तेच तेच प्रश्न फिरून येतात ते पाठ करायचे आणि पास व्हायचं. होतात पास. साठ टक्के पण पडतात. पण मग स्पर्धा परीक्षेला बसले की अडकतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे गोळे रंगवायचे नाहीत, लिहायचंय, स्वतःच्या शब्दात मुद्दा मांडायचाय. बीएची तीन वर्षं म्हणजे त्याचीच तयारी होती खरं तर, प्रत्येक सेमिस्टरला लांब उत्तरं लिहायची, पण गाईड पाठ केल्यामुळे ती तयारी झालीच नाही. माझे दोन वर्गमित्र अभ्यासिकेत बसतात रोज बारा बारा तास, हुशार आहेत, आणि आता सुरुवातीपासून लिहायला शिकतायत, मला फार वाईट वाटतं बघून.

प्रोजेक्टचं पण तसंच. टीवायला प्रोजेक्ट होता, बऱ्याच जणांनी नेटवरून उतरवला, बाइंडिंग केलं, तोंडी परीक्षेत विषयाचं नाव सांगा एवढंच विचारलं. मी काळाराम मंदिर सत्याग्रहावर केला, २ मार्च १९३० ला सुरू झाला तो, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, आणि इथे दादासाहेब गायकवाडांनी तो लावून धरला, पाच वर्षं चालला. पंचवटीत जाऊन मी जुन्या लोकांशी बोलले, काहींनी आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या आठवणी सांगितल्या, एका आजींनी तर जेवूनच पाठवलं. पन्नास पानं लिहिली हाताने. तपासणाऱ्यांनी ती पानं उघडली पण नाहीत. मार्क सगळ्यांना जवळपास सारखे. त्या दिवशी घरी येऊन रडले होते मी, मार्कासाठी नाही, त्या आजींनी एवढं सांगितलं ते कोणी वाचलंच नाही म्हणून.

लायब्ररी. आमच्या कॉलेजात पुस्तकं होती पण कपाटापर्यंत जाता यायचं नाही, चिठ्ठी भरायची, खिडकीवर द्यायची, अर्ध्या तासाने उत्तर यायचं की बाहेर गेलंय. कपाटासमोर उभं राहून चार पुस्तकं चाळल्याशिवाय आपल्याला काय हवंय ते कळतच नाही इतिहासात. शेवटी सरांनीच सांगितलं सावानाचं सभासद व्हा. सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० चं आहे, एवढी जुनी संस्था आपल्या गावात आणि आर्ट्सच्या कित्येक मुलांना ती माहीत नाही. मी वडिलांच्या मागे लागून सभासद झाले आणि टीवायचं वर्ष खरं तर मी तिथेच शिकले म्हटलं तरी चालेल. आर्ट्स करणाऱ्याने सावानाचं कार्ड काढायलाच पाहिजे, कॉलेजच्या आयकार्डाच्या आधी.

फी अनुदानित कॉलेजात कमी आहे, आमच्यासारख्या घराला झेपते, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मात्र वेळेत भरा आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, नंतर सेतूत लाईन असते. विनाअनुदानित तुकडीला फी जास्त, ते ॲडमिशनच्या वेळी स्पष्ट विचारा कारण एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि एक विनाअनुदानित असू शकते.

आता नवीन धोरणाबद्दल, कारण बहिणीला तेच लागू आहे. २०२४ पासून कॉलेजांमध्ये नवीन पद्धत आली, मेजर-मायनर म्हणजे मुख्य आणि जोड विषय, ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला घ्यायचा, फिल्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप, एबीसी आयडीत, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात क्रेडिट जमा. एक वर्षाने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री आणि चौथं केलं तर ऑनर्स, आणि चार वर्षं केली तर एमए एका वर्षात. कागदावर मला हे आवडलंय, मनापासून. कारण फिल्ड प्रोजेक्ट म्हटलं तर नाशिकइतकं चांगलं गाव नाही. इकॉनॉमिक्सवाल्याने लासलगावला कांद्याच्या लिलावाला एक आठवडा उभं राहावं, भाव कसा फुटतो, व्यापारी किती, शेतकऱ्याच्या हातात काय पडतं. सोशिऑलॉजीवाल्याला रामकुंड आहे, २०२७ चा कुंभमेळा समोर आहे. भूगोलवाल्याला गोदावरी उगमापासून आहे, त्र्यंबकला. पण शिकवायला माणूस नसेल तर हा फिल्ड प्रोजेक्ट पण बाइंडिंगच्या दुकानात तयार होणार, ही माझी खरी भीती आहे.

ज्यांना शिक्षक व्हायचंय त्यांच्यासाठी थोडं. नुसत्या बीएवर शाळेत लागत नाही. बीएड सीईटी द्यायची, बीएडला बीएला खुल्या वर्गात ५० टक्के आणि राखीवला ४५ लागतात, त्यामुळे पासिंगपुरता अभ्यास करू नका. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. मग पहिली ते आठवीसाठी टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीची परीक्षा, मग पवित्र पोर्टलवरून भरती, वाट लांब आहे हे खोटं कशाला सांगू. आता बारावीनंतर चार वर्षांचा बीए-बीएड एकत्र कोर्स पण आलाय, आयटेप म्हणतात त्याला, राष्ट्रीय पातळीवरची वेगळी प्रवेश परीक्षा असते, एक वर्ष वाचतं. शिक्षकच व्हायचं पक्कं असेल तर ते आधी बघा. आणि स्पेशल विषय घेताना शाळेत शिकवला जाणारा घ्या, इतिहास, भूगोल, मराठी, इंग्रजी, कारण बीएडला मेथड, म्हणजे कोणता विषय शिकवायचं शिक्षण घ्यायचं ते, त्यावर ठरते. हे माझ्या मैत्रिणीला कोणी सांगितलं नाही आणि तिची पंचाईत झाली.

मला बीएचा उपयोग झाला का? बीएडच्या सराव पाठाला सहावीचा वर्ग मिळाला होता, टाचण लिहिताना मी तो उषवदाताचा हिशोब घेतला. फळ्यावर लिहिलं, दोन हजार, शेकडा एक, वीस भिक्षू. मुलांनी गणित सोडवलं, बारा आलं, आणि मग मी सांगितलं हे गणित आपल्या पांडवलेणीच्या भिंतीवर कोरलेलं आहे. मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला, मॅडम आम्ही तर तिथे क्रिकेट खेळायला जातो पायथ्याशी, कुठंय दाखवा ना. पाठ निरीक्षकांनी काय लिहिलं ते आठवत नाही मला, तो मुलगा आठवतो.

ज्यांना रोज कॉलेजला जाणं शक्यच नाही, नोकरी आहे, लग्न झालंय, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठ. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ चं, राज्यभरासाठी आहे पण मुख्यालय आपल्या नाशिकचं, गंगापूर धरणाजवळ, म्हणजे परत गोवर्धनच. माझ्या आईने तिथून बीए केलं. शाळा मध्येच सुटलेली, तेव्हा पूर्वतयारी परीक्षा देऊन बीएला बसता यायचं, ती दिली, मग तीन वर्षं रविवारी अभ्यासकेंद्रावर जायची, बाकी दिवस रात्री भाकरी झाल्यावर चुलीजवळ त्यांची पुस्तकं घेऊन बसायची. ती पुस्तकं अजून आहेत घरात आणि मी रेग्युलर करून सांगते, त्यांची भाषा आमच्या गाईडपेक्षा कितीतरी चांगली, एकट्याने वाचणाऱ्याला समजेल अशी. कोणी मुक्तवाले म्हणून कमी लेखलं तर ऐकून घेऊ नका. फक्त एक, तिथे तुम्हाला कोणी उठवून लेण्यात नेणार नाही, ते स्वतःच जायचं.

पाचपैकी किती द्यायचे? सरांचा विषय पाच. रिकाम्या तासांचे पेपर एक. म्हणून डिग्रीला एक आकडा देताच येत नाही, कॉलेजचं नाव बघून ॲडमिशन घेऊ नका, विषय आणि त्याचा माणूस बघून घ्या, हे मी बहिणीला पण सांगितलं.

गुरुवारी तिला घेऊन दोन कॉलेजं फिरले. पहिल्या ठिकाणी ऑफिसमधल्या माणसाने माहितीपत्रक दिलं आणि डिपार्टमेंट कुठे विचारलं तर म्हणाला आत्ता कोणी नसेल. दुसऱ्या ठिकाणी इतिहासाच्या मॅडम बसलेल्या होत्या, पेपर तपासत, आम्ही न सांगता गेलो तरी बसा म्हणाल्या. तिला गाव विचारलं. येवला म्हटल्यावर पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, अगं मग १३ ऑक्टोबर १९३५ ला तुमच्या येवल्यात काय झालं ते तूच मला सांग. ती माझ्याकडे बघायला लागली. मुक्तिभूमी रोज बघते ती जातायेता, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली हे पण माहीत होतं, पण मॅडमनी पुढे विचारलं परिषद कोणी बोलावली होती, लोक कुठून कुठून आले, तुझ्या गल्लीतलं कोणी गेलं होतं का. तिला एकही सांगता आलं नाही. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या नाही येत ना, मग ये इकडे, पहिला फिल्ड प्रोजेक्ट तुझा ठरला.

बाहेर आल्यावर सिटीलिंकच्या स्टॉपवर उभी राहूनच तिने येवल्याला आजोबांना फोन लावला. बस आली, गेली, ती बोलतच होती. सोमवारी फॉर्म भरला.